नाव ठेवणे, नावे ठेवणे

२०११ सालच्या फेब्रुवारी महिन्यात मी जनगणनेच्या कामावर होते. नोकरी नवी होती. सांगली जिल्ह्यातील एका मोठ्या गावाचा एक भाग माझ्याकडे आला होता. त्यात मराठा, धनगर, मातंग अशी घरे होती आणि ओढ्याच्या बाजूला पंधरा-सोळा घरे मुसलमानांची. त्यांपैकी एका घराच्या दारात सत्तरी ओलांडलेली एक म्हातारी सुपात ज्वारी निवडत बसली होती. नाव झाले, वय झाले, धर्म झाला. मग 'मातृभाषा' हा रकाना आला. मी विचारले, "दादी, तुमारे घर की भाषा कौनसी?" तिने माझ्याकडे नवलाने पाहिले. म्हणाली, "आता तेरेसंगात बोलरी ना मैं? वोइच. मुसलमानी."

मी रकान्यात 'उर्दू' असे लिहिले.

प्रशिक्षणाच्या वेळी आम्हाला स्पष्ट सांगितले होते की, माणूस जे सांगेल ते जसेच्या तसे लिहा. ती भाषा आहे की बोली, याचा निवाडा तुम्ही करू नका. मी निवाडा केला. उर्दू माध्यमाच्या शाळेतील शिक्षिका, हातात बी.एड.ची पदवी, समोर अक्षरशत्रू म्हातारी. तिला स्वतःच्या भाषेचे नाव ठाऊक नाही आणि मला आहे, असे मला त्या वेळी अगदी सहज वाटले.

शेजारी तिच्या धाकट्या दिराचे घर. त्याने 'हिंदी' सांगितले. त्याच्या पलीकडच्या घरातील मुलगा पुण्याला शिकत होता, तो 'उर्दू' म्हणाला. त्याला उर्दूचे एक अक्षर वाचता येत नव्हते. चौथ्या घरातील कर्ता पुरुष हसून म्हणाला, "लिवा की मराठीच. आमी काय येगळं बोलतोय?" आणि मागे वळून बायकोला म्हणाला, "पानी ला गे मॅडमकू." एका ओळीतील चार घरे, बोली एक आणि नावे चार.

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला. एखाद्या समाजाला आणि त्याच्या भाषेला नाव कोण देते? तो समाज स्वतः, की त्याचा शेजारी? आणि दोन्ही नावे वेगळी असली तर कागदावर कोणते चढते?

आधी म्हातारीची बाजू मांडते, कारण ती अडाणी नव्हती. ब्रिटिश अमदानीत जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतातील भाषांची जी प्रचंड पाहणी केली, तिच्या नवव्या खंडाचा पहिला भाग १९१६ साली प्रसिद्ध झाला. दक्षिणेतील मुसलमानांच्या बोलीला तिथे 'दखनी' म्हटले आहे आणि तिचे दुसरे नाव म्हणून 'मुसलमानी' हेही नोंदले आहे. म्हणजे म्हातारीने सांगितलेले नाव शंभर वर्षांपूर्वी सरकारदरबारी लिहिले गेले होते. माझ्याच वाचनात ते आले नव्हते.

पण हे नाव आले कोठून? कोणतीही भाषा कलमा पढत नाही. कोकणातला मुसलमान कोकणी बोलतो, मलबारातला मलयाळम आणि बंगालातला बंगाली. 'मुसलमानी' हे नाव ज्याने आयुष्यात एकाच प्रकारचे मुसलमान पाहिले, अशा शेजाऱ्याने दिलेले आहे. गावात मराठी बोलणारे पुष्कळ, ओढ्याकाठची पंधरा घरे घरात वेगळे काहीतरी बोलतात. ती घरे मुसलमानांची, म्हणून ती बोली मुसलमानी. शेजाऱ्याचा हिशेब सरळ आहे. नवल एवढेच की, पिढ्यान्‌पिढ्या ऐकून ते नाव घरातल्यांनीही आपले म्हणून घेतले.

बोलीआधी माणसांना मिळालेली नावे पाहू, कारण ती जुनी आहेत.

मराठी बखरींत आणि पोथ्यांत मुसलमानांसाठी 'यवन' हा शब्द जागोजागी येतो. हा शब्द मुळात मुसलमानांचा नाहीच. ग्रीक लोकांतील आयोनियन या शाखेवरून तो आला. अशोकाच्या शिलालेखांत 'योन' आहे. आपल्याच लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यात चैत्यगृहाचे काही खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिल्याचे कोरलेले आहे. इस्लामच्या उदयापूर्वी चार-पाचशे वर्षे महाराष्ट्रात यवन होते आणि ते बुद्धाच्या लेण्याला खांब देत होते. पुढे समुद्रापलीकडचा, परका, एवढाच अर्थ शब्दात उरला आणि जो नवा परका आला त्याच्या अंगावर तो चढला. तमिळमधील 'सोनगर' आणि मलयाळममधील 'जोनकन' ही तिकडच्या मुसलमानांची नावेही याच यवनाची नातवंडे. गंमत अशी की कोणत्याही मुसलमानाने स्वतःच्या घरात स्वतःला यवन म्हटले नसेल.

दुसरे नाव 'तुरुक'. दक्षिणेत जे सैन्य आले त्यात तुर्क होते, म्हणून सगळेच तुर्क. एकनाथांच्या रचनेचे नावच 'हिंदु-तुर्क संवाद' असे आहे. त्यात एका बाजूला हिंदू आहे आणि दुसऱ्या बाजूला मुसलमान नव्हे, तर तुर्क. धर्माऐवजी वंशाचे नाव. तेलुगूत तुरक, तमिळमध्ये तुलुक्कन. आमच्या जत तालुक्यापासून कानडी मुलूख सुरू होतो, तिथे मात्र 'साबरू' म्हणतात, म्हणजे साहेब लोक. ज्याच्या घरी दुपारच्या भाकरीची भ्रांत आहे, तोही साहेब.

तिसरे नाव 'अविंध' आणि ते मला सर्वांत मनोरंजक वाटते. विंधणे म्हणजे टोचणे. ज्यांचे कान टोचलेले नाहीत ते अविंध. शेजाऱ्याने वंश पाहिला नाही, श्रद्धा पाहिली नाही, फक्त कान पाहिले. बाळाचे कान टोचतात तो आपला, टोचत नाहीत तो अविंध. हे नाव पत्रांत, कागदांत, काव्यात येते आणि त्यात पुष्कळदा तुच्छता असते. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे सतराव्या शतकातील थोर संतकवी. त्यांचा 'योगसंग्राम' हा ग्रंथ १६४५ चा. त्यांनी आपल्या अभंगांत स्वतःची ओळख करून देताना हाच शब्द वापरला. शेजाऱ्याने हिणवायला दिलेले नाव त्यांनी उचलले आणि विठ्ठलाच्या दारात उभे राहून तेच सांगितले. मी अविंध आहे. पुढे काय म्हणायचे ते म्हणा. दिलेल्या नावाचे काय करावे याचे एक उत्तर साडेतीनशे वर्षांपूर्वी श्रीगोंद्यात मिळाले होते.

आणखीही एक शब्द आहे, शाळेच्या मैदानावर भांडण झाले की तो ऐकू येतो. तो मी इथे लिहीत नाही. वाचकांना तो ठाऊक आहे. काहींना तो पुस्तकातून ठाऊक असेल, काहींना स्वतःच्या लहानपणापासून.

ही सगळी नावे दुरून पाहणाऱ्याची. गावात मात्र कोणी कोणाला यवन म्हणून हाक मारत नाही. गावात धंद्याच्या नावाने हाक मारतात. सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही गावात जा, मुसलमानांची आडनावे म्हणजे बाजारपेठेची यादी असते. मुलाणी, तांबोळी, बागवान, आतार, मणेर, पिंजारी, शिकलगार, मुजावर, खाटीक, मोमीन. मुलाणी हा गावगाड्यातला बलुतेदार. बकरे हलाल करणे हे त्याचे काम, नाव मुल्ला-मौलानावरून आले. बागवान म्हणजे बाग राखणारा, झाला फळवाला. आतार म्हणजे अत्तरवाला. पण आमच्याकडच्या जत्रांत आताराच्या दुकानात कुंकू, बुक्का, हळद, मणी, सुया हेच अधिक. पंढरीच्या वाटेवरच्या बायकांनी मुसलमानाच्या दुकानातले कुंकू कपाळाला लावले आणि त्यात कोणाला काही वाटले नाही. तांबोळी तर तांबूल या संस्कृत शब्दातून आलेला आणि तांबोळी हिंदूही आहेत, मुसलमानही.

या नावांतही शेजाऱ्याचे आणि स्वतःचे अशी दोन टोके आहेत. कापूस पिंजणाऱ्याला मराठी शेजाऱ्याने पिंजारी म्हटले. तो स्वतःला नदाफ म्हणवतो. नदाफ हा अरबी शब्द, अर्थ तोच, कापूस पिंजणारा. म्हणजे पिंजारी आणि नदाफ या दोन शब्दांत अर्थाचा काडीचा फरक नाही. फरक आहे तो मानाचा. काही मन्सूरी म्हणवतात, त्याची कथा तर आणखी लांबची. बगदादमध्ये ९२२ साली ज्या मन्सूर हल्लाजला सुळी दिले, त्याच्या नावातील 'हल्लाज' म्हणजे पिंजारीच. कर्नाळ किंवा कवठ्यातल्या, धनुकली खांद्यावर टाकून दारोदार गाद्या भरत फिरणाऱ्या माणसाने आपले नाते थेट एका सूफी हुतात्म्याशी जोडले. खाटकाने कुरेशी म्हटले, पैगंबरांच्या कबिल्याचे नाव. विणकराने अन्सारी म्हटले, मदिनेत पैगंबरांना आसरा देणाऱ्यांचे नाव. कोणी याला खोटा बडेजाव म्हणेल. मला तो तसा वाटत नाही. बाहेरून आलेल्या नावात घाम आणि हलके काम तेवढे दिसत होते, तेव्हा माणसाने आतून दुसरे नाव शोधले.

शिकलगार हे नाव अरबीतील सैकल या शब्दावरून आले, सैकल म्हणजे धातूला झिलई देणे. हत्यारांना धार लावणारा तो शिकलगार. शाहीर सगनभाऊ हे शिकलगारच. तलवारी गेल्या तेव्हा मिरजेतील शिकलगारांच्या हातांना काम उरले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घरच्यांनी तंबोरे आणि सतारी बनवायला घेतल्या. भोपळा पंढरपूरकडचा, लाकूड, हस्तिदंती नक्षी, जवारी लावण्याचे कसब, सारे याच घरांत वाढले आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. यातल्या काहींचे आडनाव आज 'सतारमेकर' आहे. धंदा बदलला, त्याबरोबर नावही बदलले आणि तेही निम्मे इंग्रजी.

मिरजेचे नाव निघाले म्हणून मुजावर या शब्दाविषयी सांगायला हवे. दर्ग्याची देखभाल करणारा तो मुजावर, एवढे सर्वांना ठाऊक असते. मूळ अरबी शब्दाचा अर्थ आहे, जवळ राहणारा, शेजारी. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी पहिला गलेफ चर्मकार समाजाचा चढतो. त्याच दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे, १९३७ साली ते गेले. जन्म उत्तरेत कैरान्याचा, घर मिरजेचे. कोण कोणाचा शेजारी, याचा हिशेब त्या आवारात उभे राहून मांडायचा म्हटले तर कठीण जाते.

आता बोलीकडे वळते.

जिला माझ्या म्हातारीने मुसलमानी म्हटले, तिची गेल्या चारशे वर्षांतली नावे मोजली तर बोटे पुरत नाहीत. विजापूरचे सूफी बुऱ्हानुद्दीन जानम आपल्या भाषेला गुजरी म्हणत आणि हिंदीही. १६४९ मध्ये विजापूरच्या राणीच्या, खदीजा सुलतानच्या सांगण्यावरून कवी रुस्तमीने 'खावरनामा' रचला, तेव्हा त्याने दखनी हे नाव वापरले. दुसरा इब्राहीम आदिलशहा, ज्याने 'किताब-ए-नौरस' लिहिले आणि ज्याच्या राज्यात आपली मिरज, कराड ही ठाणी होती, त्याने गणपती आणि सरस्वतीला नमन केले ते याच भाषेत. 'उर्दू' हे नाव भाषेला लागले ते फार उशिरा, अठराव्या शतकाच्या शेवटाकडे. तोवर त्या शब्दाचा अर्थ होता लष्करी तळ, बादशाही छावणी. म्हणजे ज्या काळात विजापुरात महाकाव्ये लिहून झाली होती, त्या काळात उर्दू नावाची भाषाच नव्हती. भाषा होती, नाव नव्हते.

मग विसाव्या शतकातले विद्वान आले. नसिरुद्दीन हाशमी यांच्या १९२३ च्या ग्रंथाचे नाव 'दकन में उर्दू'. बाबूराम सक्सेना यांच्या १९५२ च्या ग्रंथाचे नाव 'दक्खिनी हिंदी'. कवी तेच, पोथ्या त्याच. एकाने उर्दूच्या खात्यावर मांडल्या, दुसऱ्याने हिंदीच्या. मराठीत डॉ. श्रीधर रंगनाथ कुलकर्णी यांनी दखनीचे मराठी संस्कृतीशी असलेले नाते उलगडून दाखवले. तीन शेजारी एका म्हातारीला ओढत आहेत आणि प्रत्येक जण म्हणतो, ही आमची. तिला विचारले तर ती म्हणेल, मुसलमानी.

हा घोळ एकाच बाजूचा आहे असेही समजू नये. पहिल्या इब्राहीम आदिलशहाने हिशेबाच्या दप्तरातून फारसी काढून देशी भाषा आणली. फरिश्ता हा इतिहासकार ती गोष्ट सांगताना 'हिंदवी' हा शब्द वापरतो. अभ्यासक त्याचा अर्थ मराठी असा घेतात, कारण दप्तर ब्राह्मण कारकुनांच्या हाती गेले आणि पुढचे कागद मोडीतले आहेत. मराठी माणसाने आपल्या भाषेला हिंदवी म्हटले नसते. फारसीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला मात्र इकडच्या सगळ्या भाषा हिंदवीच दिसल्या. शेजारी मुसलमान असला तरी नाव ठेवताना तो हेच करतो.

दूरदेशीचे एक उदाहरण देते. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या उत्तर टोकाला, जिथे हिवाळ्यात सूर्य दिसत नाही, तिथे सामी लोक राहतात. त्यांतले अनेक रेनडिअर पाळतात. ते स्वतःला सामी म्हणतात. फिनिश शेजारी त्यांना 'लप्पलाइनेन' म्हणत, स्वीडिश लोक 'लॅप', रशियन 'लोपार'. नॉर्वेत तर त्यांना 'फिन' म्हणत. तिथल्या उत्तरेकडील प्रांताचे नाव फिनमार्क पडले ते फिनलंडवरून नव्हे, या सामींवरून. स्वीडिशमध्ये लॅप या शब्दाचा एक अर्थ ठिगळ असाही होतो, म्हणून तो शब्द त्यांना लागतो. आणखी एक गोष्ट, शेजाऱ्यांनी सरसकट एकच नाव दिलेल्या या लोकांच्या भाषा एक नाहीत. आठ-नऊ आहेत आणि एका टोकाच्या सामीला दुसऱ्या टोकाची सामी कळत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपले नाव मागून घेतले. नॉर्वेत १९८९ मध्ये, स्वीडनमध्ये १९९३ मध्ये आणि फिनलंडमध्ये १९९६ मध्ये त्यांच्या संसदा उभ्या राहिल्या, त्या सामी या नावाने.

फिनिशच्याच कुळातील इंग्रियन ही भाषा सेंट पीटर्सबर्गच्या पश्चिमेला काही खेड्यांत बोलत. या लोकांना इझोरा म्हणतात, त्याच नावाची नदी तिथे आहे. त्यांच्याशेजारी सतराव्या शतकात फिनलंडकडून येऊन वसलेले लोक राहत, त्यांनाही इंग्रियाचेच नाव लागले. भाषा जवळजवळच्या, पण इझोरा ऑर्थोडॉक्स पंथाचे आणि आलेले फिन लुथरन. तिथेही ओळखीची रेघ प्रार्थनाघरावरून मारली गेली. १९३२ साली सोव्हिएत सरकारने इंग्रियन भाषेची शालेय पुस्तके काढली, व्याकरण छापले. १९३७ मध्ये ती बंद झाली. पाच वर्षांची शाळा! आज ती भाषा बोलणारे मोजके वृद्ध उरले आहेत. शिक्षिका म्हणून मला त्या पाच वर्षांतल्या मुलांचे फार वाटते. घरातली भाषा पुस्तकात पाहून ती हरखली असतील आणि एका उन्हाळ्यानंतर पुस्तक गेले.

आमच्या मुलांच्या घरातली बोली तर पुस्तकात कधी आलीच नाही.

माझ्या वर्गात पहिलीला येणारी मुलगी म्हणते, "टीचर, मेरेकू नको." मी म्हणते, "नको नहीं, बेटा, 'मुझे नहीं चाहिए' कहो." ती 'लोगां' म्हणते, मी 'लोग' शिकवते. ती 'वोइच' म्हणते, मी 'वही' म्हणायला लावते. 'मैं बोली' म्हणाली की 'मैंने कहा'. अनेक वर्षे मी हे इमानाने केले. मराठी शाळेतील बाई 'आमी' म्हणणाऱ्या पोराला 'आम्ही' म्हणायला लावतात, तसेच हे, असे मी स्वतःला समजावत असे. पण एक फरक आहे. मराठी शाळेतल्या पोराला निदान त्याची घरची बोली मराठीच आहे, असे सांगितले जाते. आमच्या मुलीला सांगितले जाते की तुझी भाषा उर्दू आहे. आणि ती बोलायला लागली की सांगितले जाते, हे उर्दू नव्हे. मराठी शेजारी म्हणतात, हे मराठी नव्हे. लखनौहून आलेले पाहुणे हसतात. मग ते आहे तरी काय?

'नको' हा शब्द मराठीतून दखनीत गेला आणि सुलतानांच्या काळातील काव्यात दिमाखाने वावरला. शब्दावर जोर द्यायचा तो 'च' मराठीचा. गोवळकोंड्याच्या आणि विजापूरच्या दरबारात जे चालले, ते माझ्या वर्गात चूक ठरते. वली औरंगाबादीने अठराव्या शतकाच्या आरंभी दिल्लीला जाऊन तिथल्या कवींना या भाषेत गझल लिहिता येते हे दाखवले. नंतर त्याच दिल्लीकरांनी भाषा स्वच्छ करताना दखनी शब्द वेचून काढले. माझ्या हातातला लाल पेन त्या दिल्लीकरांचा वारस आहे, हे मला फार उशिरा कळले. बी.एड.ला ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे सूत्र मी पाच गुणांच्या प्रश्नाला पाठ करून लिहिले होते.

नाव चुकले तर काय बिघडते, असे कोणी विचारेल. त्याला उत्तर म्हणून एका पालकाची गोष्ट सांगते. गादी भरण्याचा पिढीजात धंदा. मुलगी हुशार, बारावीनंतर तिला इतर मागासवर्गाच्या सवलतीतून प्रवेश हवा होता. त्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेतला उतारा काढला. जातीच्या रकान्यात कोण्या गुरुजींनी सुबक अक्षरात लिहिले होते, 'मुसलमान'. बस्स. गुरुजींनी काही वाईट हेतूने लिहिले नसेल. त्यांच्या दृष्टीने धर्म आणि जात एकच. आजोबांच्या चुलत भावाच्या उताऱ्यात, दुसऱ्या गावच्या शाळेत, 'पिंजारी' लिहिलेले होते. एका कुळातले दोघे. एकाला शेजारच्या गुरुजींनी धंद्याने ओळखले, दुसऱ्याला धर्माने. चुलतभावाच्या नातवंडांना दाखले मिळाले. ही मुलगी वंशावळ, शपथपत्र, गृहचौकशी करत दीड वर्ष कचेरीच्या पायऱ्या चढली. तोवर प्रवेशाची मुदत संपली. तिने दुसरा अभ्यासक्रम घेतला, आता नोकरी करते. पण तो उतारा तिच्या आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे. का ठेवला, ते मी विचारले नाही.

आणि भाषेच्या रकान्याचे? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान १ कोटी २९ लाखांच्या वर मोजले गेले आणि मातृभाषा उर्दू सांगणारे ७५ लाखांच्या वर. उरलेल्या पन्नासेक लाखांत मराठी म्हणणारे आहेत, हिंदी म्हणणारे आहेत, कोकणी आहेत. ७५ लाखांत ज्यांनी खरेच उर्दू म्हटले ते किती आणि ज्यांच्या तोंडचा शब्द मोजणाऱ्याने बदलला ते किती, हे त्या आकड्यावरून ओळखता येत नाही. त्यातली एक म्हातारी मात्र मला नक्की ठाऊक आहे.

नावे बदलत नाहीत असेही नाही. माझा स्वतःचा जिल्हाच १९४९ मध्ये साताऱ्यातून फुटून आणि संस्थानांचे तुकडे जोडून 'दक्षिण सातारा' झाला आणि १९६० मध्ये सांगली. साताऱ्याचा किल्ला १७०० साली औरंगजेबाने घेतला तेव्हा त्याने शहजाद्याच्या नावावरून त्याला आझमतारा म्हटले. ते नाव टिकले नाही, अजिंक्यतारा टिकले. वाळवे तालुक्यातील इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला. त्या गावाचे जुने नाव उरुण, ते नगरपरिषदेच्या नावात जोडून होतेच. गावाला विचारण्याची पद्धत पूर्वीही नव्हती. बाजारला निघालेली बाई एसटीच्या पाटीवर काय लिहिले आहे ते पाहत नाही, कंडक्टरला विचारते.

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे. आता कागदाऐवजी मोबाइलवर नोंद होणार आहे. शिक्षकांना काम लागेलच. मी मधल्या काळात एकदा त्या गावी गेले होते, एका लग्नाला. म्हातारी वारली होती. तिची सून मला ओळखून म्हणाली, "तुमेच ना वो, मोजने कू आए थे?" मी हो म्हटले. तिने विचारले, "हमारी सासने क्या बोली थी तवा? याद है?" मी म्हटले, "है." तिने भाकरी थापता थापता मान हलवली आणि मला कांदा हवा का, ते विचारले.